विश्लेषण : जुन्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरची बॅटरी खरेच ‘गेलेली’ असते का?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात इलेक्ट्रिक व्हीलचेअर शोधली, की एक ओळ हमखास दिसते – ‘कंडिशन उत्तम, फक्त बॅटरी बदलावी लागेल’. खुर्ची बहुधा घरातल्या कुणा आजोबांची असते. ते गेल्यानंतर ती वर्ष-दीड वर्ष बाल्कनीत नाहीतर सोसायटीच्या जिन्याखाली उभी असते. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते म्हणून दुसरे कुटुंब ती घेते, घरी आणून चार्जर लावते आणि काहीच घडत नाही. किंवा घडते ते असे : चार्जरचा दिवा तासाभरात हिरवा होतो, खुर्ची ऐटीत गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि परतीच्या वाटेवर थांबते. मोबाइल असा बंद पडला तर चिडचिड होते. इथे माणूस भर रस्त्यात अडकतो, आणि बॅटरीसह पन्नास-साठ किलोची खुर्ची, वर बसलेला माणूस, हे सगळे ढकलायला एकटा मदतनीस पुरत नाही.

मग बॅटरीच्या दुकानात विचारणा होते. दुकानदार दोन वाक्यांत निकाल देतो, ‘बॅटरी गेली काका, जोडी टाका नवी.’ काही हजार रुपये जातात. बऱ्याचदा निकाल बरोबरही असतो. पण अनेकदा नव्या बॅटऱ्या बसवल्यावरही खुर्ची तशीच रुसलेली राहते, कारण बिघाड चार्जरमध्ये, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये किंवा बॅटरीवरच्या गंजलेल्या जोडणीत असतो. ‘बॅटरी गेली’ हे निदान नाही, अंदाज आहे. तो खरा की खोटा हे तीन-चारशे रुपयांच्या डिजिटल मल्टीमीटरने अर्ध्या तासात कळू शकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत आणि आता तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या दुकानातही तो मिळतो. आधी मोजणी, मग खर्च हा क्रम पाळला तर जुनी खुर्ची हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो. एरवी ती पैसे खाणारी अडगळ होते.

खुर्चीच्या पोटात नेमके काय असते?

बहुतेक जड बांधणीच्या खुर्च्यांत सीटखाली १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. त्या एकापुढे एक जोडून, म्हणजे सिरीजमध्ये, २४ व्होल्ट मिळवलेले असतात. पाणी भरण्याची भानगड नसलेल्या या बॅटरीला दुकानात ‘ड्राय’ किंवा ‘एसएमएफ’ म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ती कोरडी नसते. आतले आम्ल काचतंतूंच्या जाळीत शोषलेले असेल तर ती ‘एजीएम’, घट्ट केलेले असेल तर ‘जेल’. अलीकडच्या घडी घालता येणाऱ्या हलक्या खुर्च्यांत लिथियम-आयन पॅक असतो. त्याचे नियम वेगळे आहेत आणि ते पुढे येतीलच.

चार्जरपासून बॅटरीपर्यंत विजेचा प्रवास लांबचा असतो. भिंतीतला सॉकेट, चार्जर, त्याची तीन पिनांची गोल पिन, जॉयस्टिकच्या पुढच्या बाजूला असलेले सॉकेट, तिथून केबल, कंट्रोलर, मग फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर आणि शेवटी बॅटरीची टर्मिनल. यात कुठेही साखळी तुटली तरी बाहेरून लक्षण एकच दिसते, ‘चार्ज होत नाही’. म्हणून या साखळीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचे असते. मधूनच उडी मारून थेट बॅटरी बदलणे ही सर्वात महागडी पहिली पायरी आहे.

फुकटात होणारी तपासणी

मीटर हातात घेण्याआधी डोळ्यांनी आणि हातांनी बरेच कळते. जॉयस्टिकखालचे सॉकेट सतत पिन घालून-काढून सैल होते, कुणाच्या तरी पायाचा धक्का बसून वाकते. टॉर्च मारून आत पाहावे. पिन आत ढकलली गेलेली, काळी पडलेली किंवा वाकलेली दिसली तर संशयित तिथेच सापडला. कोकणात, मुंबईत दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या खुर्चीत तर सुरुवात इथूनच करावी.

मग सीट उचलून बॅटरीची जागा पाहावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी, हाताने हलवली तर हलणारी वायर, वितळल्यासारखा दिसणारा प्लास्टिकचा कनेक्टर या तिन्ही गोष्टी मोठा प्रवाह अडवतात. मोटरला चढावर वीस-तीस अँपिअर लागतात, आणि गंजलेल्या जोडातून ते जात नाहीत. भुकटी ओल्या कापडाने पुसून, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून, नट घट्ट केला तर काही खुर्च्या एवढ्यावरच चालू होतात. बॅटरीजवळ एक छोटे काळे बटण असते, तो सर्किट ब्रेकर. तो उडालेला असेल तर बटण बाहेर आलेले दिसते. दाबून बसवावे. पुन्हा उडाला तर मात्र दाबत राहू नये, कुठेतरी शॉर्ट आहे.

बॅटरीची पेटी दिसायला निरुपद्रवी असते, पण लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर देते. हातातली अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढूनच काम करावे. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. आणि काहीही सुटे करण्याआधी वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढावा. चार वायरी कुठून कुठे जात होत्या हे अर्ध्या तासाने कुणालाच आठवत नाही. उलटी जोडली तर कंट्रोलर जळतो, आणि कंट्रोलर हा या खुर्चीतला सर्वात महाग भाग असतो.

अनेकदा चार्जिंगचा दोष वाटतो तो दोषच नसतो. चार्जर लावलेला असताना खुर्ची मुद्दाम चालू दिली जात नाही. चार्जरची तिसरी पिन कंट्रोलरला ‘थांब’ असा इशारा देते, नाहीतर माणूस वायर ओढत निघून जाईल. तसेच मोटरजवळचे फ्रीव्हीलचे खटके ढकलण्यासाठी सोडवलेले असले तर दिवे लागतात, खुर्ची हलत नाही. विकणाऱ्याने ती टेम्पोत चढवताना हे खटके सोडवलेले असण्याची शक्यता भरपूर.

हिरवा दिवा खोटे बोलतो का?

खोटे नाही, पण अर्धेच बोलतो. जॉयस्टिकवरचे लाल-पिवळे-हिरवे दिवे बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते मोजत नाहीत. ते व्होल्टेज मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. चार्जर काढल्या काढल्या बॅटरीच्या पत्र्यांवर जो वरवरचा भार असतो, तो व्होल्टेज फुगवून दाखवतो. म्हणून चार्जिंगनंतर लगेच नव्हे, खुर्ची बंद ठेवून किमान दोन-तीन तासांनी, शक्यतो रात्रभराने मोजावे.

चार्जरचा हिरवा दिवाही तसाच. चार्जर ठरावीक व्होल्टेज आले आणि बॅटरी घेत असलेला प्रवाह कमी झाला, की ‘पूर्ण’ म्हणून मोकळा होतो. चांगली बॅटरी आणि पूर्ण मेलेली बॅटरी या दोन्ही प्रवाह घेणे थांबवतात! एक पोट भरल्यामुळे, दुसरी पोटच उरले नाही म्हणून. रिकामी खुर्ची चार्जिंगला लावली आणि पंधरा-वीस मिनिटांत हिरवा दिवा लागला, तर आनंदाचे कारण नाही. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतातच.

मीटर काय सांगतो?

मल्टीमीटरचा काटा डीसी व्होल्ट, २०० च्या खुणेवर. लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा पाहावे. ती चुकून ‘१० ए’च्या भोकात असेल तर बॅटरीला टेकवताच ठिणगी उडते.

आता प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. एकत्र जोडीचे व्होल्टेज फसवे असते, कारण एक बरी आणि एक आजारी असली तरी बेरीज ‘ठीक’ वाटू शकते. पूर्ण चार्ज होऊन रात्रभर विसावलेली निरोगी बॅटरी १२.७ ते १२.९ व्होल्ट दाखवते. १२.३ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ म्हणजे जवळजवळ तळ. मोबाइलच्या टक्केवारीची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटते, कारण भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत फरक अवघा एका व्होल्टच्याही आत असतो. म्हणून दुकानदाराने ‘बारा दाखवतेय, बॅटरी चांगली आहे’ म्हटले तर मान डोलावू नये.

आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो. दोन बॅटऱ्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल तर कमी दाखवणारी बिघडलेली आहे असे धरून चालावे. रात्रभर चार्ज करूनही एक १२.८ आणि दुसरी १०.६ वर अडकली असेल, तर हिशेब सरळ आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात आणि त्यातला एक शॉर्ट झाला आहे. अशी जोडी चार्जिंगला लावून झोपू नये. चार्जर २४ व्होल्टची जोडी समजून वीज देत राहतो, सेल मेल्याने कमी पडलेले व्होल्टेज उरलेल्या सेलवर चढते, बॅटरी तापते, फुगते आणि वायू सोडते. चार्जर रात्रभर नारिंगीच राहतो, हिरवा होतच नाही आणि बॅटरीची पेटी हाताला गरम लागते, ही त्याची बाहेरून दिसणारी खूण.

पुढची पायरी चार्जर लावून मोजण्याची. जोडीच्या दोन टोकांना मीटर लावून चार्जर चालू करावा. व्होल्टेज २५ वरून हळूहळू, तासांच्या हिशेबाने २८-२९ कडे सरकत असेल तर चार्जर, सॉकेट, केबल, ब्रेकर सगळे काम करत आहेत. काट्यावर काहीच हालचाल नसेल तर वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. आणि मिनिटाभरात २८ च्या पुढे उडी मारत असेल तर बॅटरी वीज आत घेत नाही, तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमले आहेत. जिन्याखाली वर्षभर उभ्या राहिलेल्या खुर्चीत हेच होते. बॅटरी न वापरताही स्वतःहून थोडी थोडी उतरते, उकाड्यात जास्त वेगाने, आणि उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की हे स्फटिक घट्ट होतात. ‘न वापरल्यामुळे बॅटरी नवीनच आहे’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो, तेव्हा तो नकळत तिच्या मृत्यूचे कारण सांगत असतो.

खरी परीक्षा ओझ्याखाली. मीटरच्या वायरी बॅटरीलाच लावून कुणाला तरी बसवून खुर्ची उतारावरून वर चढवावी. चढताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज २४ च्या वर टिकते, पण जॉयस्टिकचे दिवे झपकन लालवर येतात, तर बॅटरी बरी आहे आणि वाटेतला जोड खराब. दोन्हीकडे घसरण दिसली तर बॅटरी.

गॅरेजवाल्यांची आणखी एक जुनी युक्ती इथे उत्तम चालते. मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा दिवा पूर्ण चार्ज केलेल्या एकेका बॅटरीला लावायचा (तो खूप तापतो, विटेवर किंवा फरशीवर ठेवावा). हा दिवा साधारण साडेचार अँपिअर खातो. ३५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी त्याला सहा तासांच्या आसपास पोसते. दर अर्ध्या तासाने व्होल्टेज लिहावे आणि १०.५ आले की दिवा काढावा, त्याखाली बॅटरीला इजा होते. तीन तासांतच १०.५ आले तर बॅटरीत निम्माच जीव उरला आहे. घरातल्या घरात फिरायला ती अजून वर्षभर पुरेल, पण बाजारहाटीला नाही. हा निर्णय घरातल्यांनी घ्यायचा असतो, दुकानदाराने नाही. विकत घेताना विक्रेत्याने ही चाचणी करू दिली तर उत्तम. नाही म्हणाला तर किमतीतून नव्या जोडीचे पैसे वजा करून बोलणी करावीत.

चार्जरवर संशय कधी घ्यावा?

इथे एक सापळा आहे. चार्जरच्या सुट्या पिनेवर मीटर लावून शून्य दिसले, की लोक चार्जर कचऱ्यात टाकतात. अनेक चार्जर समोर बॅटरी असल्याची खात्री पटल्याशिवाय वीज बाहेर सोडतच नाहीत, त्यामुळे सुटे शून्य म्हणजे बिघाड असेलच असे नाही. याचीच दुसरी बाजू अशी, की बॅटरी फारच उतरलेली असेल तर असा चार्जर तिला ओळखतच नाही आणि सुरूच होत नाही. अनुभवी बॅटरीवाला एकेक बॅटरी साध्या १२ व्होल्टच्या चार्जरवर थोडी वर आणून देऊ शकतो, मग खुर्चीचा चार्जर तिला ओळखतो. मात्र इतकी खाली गेलेली बॅटरी पूर्वीसारखी होण्याची आशा ठेवू नये.

बाकी नियम कठोर आहेत. लिथियमचा चार्जर लेड-ॲसिडला किंवा उलट कधीही लावू नये, पिन बसली तरी. ई-स्कूटरचा चार्जर ‘चोवीसचाच आहे’ म्हणून जोडू नये. काही चार्जरवर जेल आणि एजीएमचा खटका असतो, तो बॅटरीवर छापलेल्या प्रकाराशी जुळवावा. परदेशातल्या नातेवाईकांनी पाठवलेल्या खुर्च्या महाराष्ट्रात बऱ्याच दिसतात. त्यांच्या चार्जरवर ‘इनपुट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पिन लावण्याआधी वाचावे. १००-२४० असेल तर चिंता नाही. फक्त ११५ किंवा १२० असेल तर तो अमेरिकेच्या विजेसाठी आहे आणि आपल्या २३० व्होल्टवर धूर काढेल. बाजारातला वीस-तीस रुपयांचा अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

दिव्यांची उघडझाप वाचता येते

जॉयस्टिकचे दिवे लुकलुकू लागले की घरातले घाबरतात. प्रत्यक्षात ती खुर्चीची भाषा आहे. ‘पीजी ड्राइव्हज टेक्नॉलॉजी’ या ब्रिटिश कंपनीचा ‘व्हीआर२’ हा कंट्रोलर असंख्य खुर्च्यांत आढळतो. त्यात एकच दिवा लुकलुकला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. सहा दिवे म्हणजे चार्जर लावलेला असल्याने चालण्यास मनाई. चार्जर लावलेला नसतानाही सहा दिवे लुकलुकत असतील तर सॉकेटच्या तिसऱ्या पिनेत गडबड. सात म्हणजे जॉयस्टिक, नऊ म्हणजे ब्रेक आणि दहा म्हणजे व्होल्टेज जास्त झाले, जे बहुधा बॅटरीची जोडणी सैल असताना उतारावर किंवा चार्जिंगवेळी होते. दोन ते पाच मोटरकडे बोट दाखवतात. अशा खुर्चीत दोन दिवे लुकलुकत असताना बॅटरी बदलून आणणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलणे.

इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात. जॉयस्टिकच्या खालच्या बाजूला कंट्रोलरचे नाव छापलेले असते, ते आणि ‘फ्लॅश कोड’ हे दोन शब्द शोधले की बहुतेक वेळा तक्ता सापडतो.

बदलायचीच ठरली तर कोणती?

दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच तारखेच्या. ‘एकच खराब आहे ना, एकच बदलू’ ही काटकसर महागात पडते. नवी बॅटरी जुनीच्या सोबतीने अपुरी तरी भरते किंवा जास्त तरी, आणि सहा महिन्यांत दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या होतात.

मोटारीची बॅटरी चालत नाही. ती स्टार्टरला काही सेकंद जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली असते, रोज खोलवर उतरण्यासाठी नाही. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी तर मुळीच नको, खुर्ची कलली तर आम्ल सांडते. यूपीएसमधली सीलबंद बॅटरी ही भारतातली सर्वसाधारण तडजोड आहे. ती आकाराला बसते, मिळते, स्वस्त असते आणि चालतेही. पण वीज गेल्यावरच राबण्यासाठी तिची घडण असल्याने रोजच्या वापरात ती लवकर थकते. ‘डीप सायकल’ लिहिलेली बॅटरी मिळाली तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. दुकानात वर्षभर धूळ खात पडलेली ‘नवी’ बॅटरी घेऊ नये. तारखेचा शिक्का पाहावा आणि तिथेच व्होल्टेज मोजावे, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागावी.

नव्या बॅटरीला सर्वात जास्त मारते ती एक जुनी समजूत, ‘पूर्ण उतरली की मगच चार्ज करायची’. ही सवय निकेल-कॅडमिअम बॅटरीच्या जमान्यातली. लेड-ॲसिडला ती घातक आहे. जेवढे फिरले तेवढे, रोज रात्री, पूर्ण भरेपर्यंत हा तिचा नियम. उन्हाळाही मोठा शत्रू आहे. २५ अंशांच्या पुढे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची ठेवणाऱ्याने कंपनीच्या छापील वर्षांवर विसंबू नये.

लिथियमच्या खुर्च्यांत घरगुती प्रयोगांना जागा नाही. पॅकमध्ये संरक्षणाचे सर्किट असते, ते व्होल्टेज खूप खाली गेल्यावर पॅक बंद करून टाकते. ‘मेलेला’ पॅक कधी कधी मूळ चार्जरवर काही वेळ ठेवल्यावर जागा होतो, नाही झाला तर तो कंपनीकडे किंवा जाणकाराकडे जायला हवा. फुगलेला, आपटलेला, पाण्यात भिजलेला पॅक चार्ज करू नये आणि खोलून सेल बदलून देणाऱ्याकडे नेऊ नये. ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्याच्या पलंगाशेजारी रात्रभर लिथियम चार्ज होत असणे हा धोका घरातल्या सर्वांनी ओळखला पाहिजे.

मग प्रश्न फक्त मीटरचा आहे का?

नाही. अपंग व्यक्तीला खुर्ची मिळणे हा आपल्याकडे सोहळ्याचा विषय आहे. शिबिर भरते, फोटो निघतो, वाटप होते. १९८१ पासून सुरू असलेल्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कानपूरच्या ‘अलिम्को’ने बनवलेल्या बॅटरीच्या तीनचाकी सायकलीही दिल्या जातात. ते काम मोलाचेच आहे. पण बॅटरी ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे, दोन-तीन वर्षांनी ती संपणारच, आणि त्या दिवशी फोटोत कुणीच नसते. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांग व्यक्तीला राज्य सरकार महिन्याला अडीच हजार रुपये देते. बॅटरीची जोडी म्हणजे त्या हिशेबात काही महिन्यांचे घरखर्चाचे पैसे.

करांचे गणितही उफराटे आहे. व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के. तिच्यासाठी दुकानातून वेगळी घेतलेली लेड-ॲसिड बॅटरी मात्र १८ टक्क्यांत, आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत ती २८ टक्क्यांत होती. कारण कायद्याच्या नजरेत ती यूपीएसची बॅटरी, कुणाचे पाय नव्हेत.

दुरुस्तीची माहिती ही दुसरी अडचण. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये विजेवरच्या व्हीलचेअरसाठी स्वतंत्र ‘दुरुस्तीचा हक्क’ कायदा केला. सुटे भाग, अवजारे, सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका मालकाला व स्वतंत्र कारागिराला देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. मोबाइल किंवा ट्रॅक्टरच्या आधी तिथल्या आमदारांना व्हीलचेअर आठवली, कारण दुरुस्तीसाठी आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढणाऱ्या लोकांनी त्यांच्यासमोर साक्षी दिल्या. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. व्हीलचेअर यातल्या कशात बसते? ती मिक्सरपेक्षा गरजेची आणि मोटारीपेक्षा जास्त तास वापरली जाणारी, तरी स्वतंत्र रकाना तिला मिळाला नाही. पाचवे क्षेत्र जोडण्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही.

महाराष्ट्रात तर पैशांची सबब फारशी टिकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे, आणि अनेक ठिकाणी ती मार्चअखेर घाईघाईने काहीतरी वाटून संपवली जाते. त्याच पैशांतून तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस मल्टीमीटर, दिव्याची चाचणी आणि दोन-तीन प्रकारचे चार्जर घेऊन बसणारा आयटीआयचा एखादा इलेक्ट्रिशियन नेमता येईल. बॅटरी खरेच गेली असेल तर त्याच्या सहीच्या चिठ्ठीवर नवी जोडी. जुनी जोडी तिथेच जमा करून घ्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटरीच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहेच, आणि शिशाला भंगारात किलोवर भाव मिळतो. दुकानातून नवी जोडी घेणाऱ्यांनीही जुनीचे पैसे बिलातून वळते करून मागावेत, बरेच दुकानदार विचारल्याशिवाय ते देत नाहीत.